स्वस्त वॉर्ड

नंदूअण्णा लाटणेंनी मेडिकलचं शटर वर ढकललं आणि सवयीनं मान वर करून पाटी बघितली. काल संध्याकाळपर्यंत तिथं लाल अक्षरांत 'पूर्ण कर' असं होतं. आज निळ्या अक्षरांत 'कर शून्य' आलं होतं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला. निळं ते निळंच राहिलं.

समोरच्या टपरीवर चहा पीत उभ्या असलेल्या माणसांच्या मानाही वर झाल्या होत्या.

"लागला काय ओ अण्णा आपला नंबर?" टपरीवाल्यानं हाक मारली.

"लागला."

"मग द्या की एक पाकीट स्वस्तात. नातवाला फुगा फुगवून देतो."

सगळे हसले, पण हसणं लवकर विझलं. एकानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि मोबाइल कानाला लावून घाईघाईनं घराकडं निघाला.

अण्णांनी आत येऊन बायकोच्या, वृषालीच्या, फोटोपुढं उदबत्ती लावली. रोज उदबत्ती लावताना ते तिला काहीतरी सांगत. कोथिंबीर महागली, ईश्वरीनं केस कापले, तुझ्या भावाचा गुडघा परत सुजला. आज त्यांना काही सुचेना. जिच्यासाठी ही बाई उभं आयुष्य भांडली ती गोष्ट आज दुकानाच्या दारावर आली होती, आणि त्यांना ती नको होती. रविवारी लेकीला, ईश्वरीला, बघायला पाहुणे यायचे होते.

कबनोळी हे यंत्रमागाचं गाव. वृषाली तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. मागावर काम करणारी माणसं लांबलांबून आलेली. बायका-पोरं गावाकडं, आणि इथं एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी. गावातल्या लोकांचीही वेगळी कथा नव्हती. कोण कुठं जातो हे कुणी बोलत नसे, पण नर्सला सगळं कळतं. गरमी, म्हणजे सिफिलिस, हा जुना रोग त्या सुमाराला नवं रूप घेऊन परत आला होता. जुन्या इंजेक्शनला तो दाद देईना. नवं इंजेक्शन निघालं होतं, पण ते वाटेल तसं वापरलं तर रोग त्यालाही सरावेल, म्हणून सरकारनं ते राखीव ठेवलं होतं. सरकारी तपासणीचा रिपोर्ट असल्याशिवाय ते कुणालाच मिळत नसे. खासगी लॅबला तर त्या तपासणीची परवानगीच नव्हती.

त्यापेक्षा रोग होऊच न देणं सोपं होतं. कंडोम होते. शिवाय बायकांसाठी एक मऊ रिंग निघाली होती. ती जिची तिनं आत बसवायची, तीन महिने तिच्यातून औषध झिरपत राहायचं. मूलही राहत नसे आणि रोगही लागत नसे. फक्त या सगळ्यावर कर इतका होता की मागावरची बाई रिंग हातात घेऊन बघायची आणि परत ठेवायची.

"कर काढा," वृषाली जिथं जाईल तिथं सांगायची. "सगळ्यांचा काढा. मीठ घेतल्यासारखं घेऊ देत लोकांना. स्वस्त असलं की घेतील, घेतलं की रोग थांबेल. यात अवघड काय आहे?"

अवघड काही नव्हतंच. पण सगळ्यांचा कर काढला तर तिजोरीला खड्डा पडेल, असं वरच्या कुणाला तरी वाटलं आणि त्यांनी हुशारी केली. जिथं रोग आहे तिथंच कर काढायचा. तोवर वृषाली राहिली नव्हती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली. कायदा झाला तेव्हा अण्णांनी पेपरातली बातमी कापून फोटोच्या काचेत खोचली होती. मग महिन्याभरात त्यांनीच ती काढून टाकली.

रोग कुठं आहे हे कळायला प्रत्येक वॉर्डाच्या मुख्य गटारात एक यंत्र बसवलं होतं. लोक त्याला नाक म्हणत. माणसाच्या अंगात रोगाचे जंतू असले की त्यांच्या जनुकांचे बारीक तुकडे सांडपाण्यात उतरतात. नाकातल्या पट्टीवर त्या तुकड्यांना बरोबर चिकटतील असे धागे असत. तुकडा चिकटला की पट्टीतला विजेचा प्रवाह किंचित बदलायचा, आणि तसे किती तुकडे चिकटले ते राजधानीतल्या संगणकाला समजायचं. दर रविवारी सकाळी मोजणी व्हायची. सोमवारी त्या वॉर्डातल्या मेडिकलच्या पाटीवर कराचा दर उमटायचा आणि दुकानातलं बिलाचं मशीन त्या दराला कुलूपबंद व्हायचं. शून्य आलं की रोगाच्या तपासणीची गाडीही त्या वॉर्डात यायची, आणि वॉर्डाचा पत्ता असलेल्याची फुकट तपासणी करायची.

योजना कागदावर चांगली होती. एवढंच कुणाच्या लक्षात आलं नाही, की पाटी दुकानाच्या बाहेर असते आणि ती सगळ्यांना वाचता येते.

त्या आठवड्यात अण्णांच्या दुकानात एकही कंडोम खपला नाही. स्वस्त झाल्यावर जे दोनचार नेहमीचे होते तेही येईनात. शून्याच्या पाटीखालून बाहेर पडताना कुणाच्या हातात पुडी दिसली, की लोक पुडीकडं नाही, माणसाकडं बघत. ईश्वरी अण्णांसोबतच दुकानात बसायची, फार्मसी शिकली होती. ती म्हणाली, "पप्पा, आपली सगळी गिऱ्हाइकं आठ नंबर वॉर्डात जायला लागलीत. तिथं पूर्ण कर आहे."

"तिथं महाग नाही का?"

"महाग आहे. पण तिथं घेतलं तर कुणी संशय घेत नाही."

सोनटक्के गल्लीतली जयश्री तेवढी आली. मागावर सुताच्या कांड्या भरायचं काम करायची, वृषालीची ओळखीची. पदराआड हात धरून तिनं रिंग घेतली आणि म्हणाली, "अण्णा, मागच्या दारानं जाऊ काय?" अण्णांनी तिला गोदामातून वाट दिली.

गुरुवारी वृषालीच्या भावाचा, संजूमामाचा, फोन आला. स्थळ त्यानंच आणलं होतं. तळंदोळचे हावळ, कापड रंगवायचा त्यांचा स्वतःचा कारखाना. मुलगा ऋत्विक, एकुलता एक. दोघं एकमेकांशी फोनवर बोलले होते, व्हिडिओवर बघितलं होतं, आणि ईश्वरी हल्ली शटर पाडताना गुणगुणायची.

"दाजी, रविवारचं जरा थांबवूया," संजूमामा म्हणाला.

"का रे?"

"हावळांचं काही म्हणणं नाही हो. पण त्यांच्यातली एक आत्या आहे, तिनं विचारलं, मुलीच्या वॉर्डात दर काय आहे म्हणून. आता आजकाल सगळेच बघतात. पत्रिका राहिली बाजूला."

"ईश्वरीचा काय संबंध त्याच्याशी?"

"संबंध काही नाही. मला कळतंय, तुम्हाला कळतंय. भाव वर येऊ दे, मग बसू."

ईश्वरी काउंटरच्या पलीकडं गोळ्यांची पाकिटं लावत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.  लावलेली पाकिटं तिनं परत काढली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली.

शनिवारी वॉर्डातली माणसं गणेश मंडळाच्या हॉलमध्ये जमली. लग्नाचं कुणी ना कुणी जवळपास प्रत्येकाच्या घरात होतं. नगरसेविका लतिकाताई ढगे खुर्चीवर बसून पदरानं वारा घेत होत्या. आठ नंबरनं काय केलं, याची चर्चा चालली होती. त्यांनी म्हणे रविवारी पहाटे गटारात पाण्याचे टँकर ओतले होते.

"टँकर चालत नाहीत," कुणीतरी म्हणालं. "तीन नंबरनं करून बघितलं. पकडले गेले. नाकाला कळतंय पाणी घातलेलं."

"ते कसं ओ?"

सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. औषधांचं काही असलं की लोक त्यांच्याकडंच बघत. अण्णांनी सांगितलं, "गटारात चहाचा अंश असतो. माणूस चहा पितो, त्यातलं कॅफीन बाहेर पडतं. किती माणसांचं पाणी आहे हे नाक त्यावरून ओळखतं. टँकर ओतला की चहा पातळ होतो, मग त्याला कळतं."

"म्हणजे चहा तेवढाच राहिला पाहिजे, आणि रोग दिसता कामा नये," अजित म्हेतर म्हणाला. त्याचं ब्लीचिंग हाउस वॉर्डाच्या टोकाला होतं. गावातलं निम्मं कापड तिथं पांढरं होऊन यायचं. त्यानं खुर्ची अण्णांकडं सरकवली. मग म्हणाला, "अण्णा, ब्लीचनं चहा जातो काय?"

"नाही. चहाला ब्लीच फारसं काही करत नाही."

"आणि ते जंतूचे तुकडे?"

 उत्तर अण्णांना येत होतं, आणि विचारणाऱ्याला ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं.

"त्यांची राख होते, नाही का?" अजित म्हणाला. "माझ्याकडं वापरलेलं पाणी रोज टाकी भरून सोडतो. फक्त रविवारी पहाटे सोडायचं. कुणाला काही करायला नको."

"अजितशेठ, ब्लीचनं पाण्यातली खूण मरते," अण्णा म्हणाले. "माणसाच्या अंगातला रोग तिथंच राहतो."

"आम्हाला खूणच मारायची आहे, अण्णा."

कुणी हसलं नाही. लतिकाताई म्हणाल्या, "हे बघा, रोगाचं आपण बघू की नंतर. आधी पोरींची लग्नं होऊ देत. अण्णा, तुमची ईश्वरी पण आहेच की त्यात. वृषालीताई असत्या तर..."

"ती असती तर काय?" अण्णांनी विचारलं.

लतिकाताई परत पदरानं वारा घ्यायला लागल्या.  अण्णांना वाटलं, आत्ता उठावं आणि म्हणावं, मी उद्याच तक्रार करीन. मग त्यांना पाकिटं काढून परत लावणारी पोर आठवली. ते बसून राहिले. सभा संपली तेव्हा अजितनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात त्यांनी झटकला नाही.

सोमवारी पाटी लाल झाली.

दुपारीच टपरीवर पेढे वाटले गेले. तपासणीची गाडी शनिवारी येणार होती. ती आली नाही, कारण वॉर्ड आता निरोगी होता. पुढच्या रविवारी पाहुणे मात्र आले. हावळांची आत्या आधी दुकानाच्या दाराशीच थांबून पाटी बघून म्हणाली, "तुमचा वॉर्ड महाग आहे बाई, छान!" आणि मग पोह्यांवर खोबरं कमी पडलं म्हणून ईश्वरीला गोड शब्दांत दोन टोमणेही मारले. ऋत्विक उंच, लाजरा होता. कुणाचं लक्ष नाही असं बघून तो ईश्वरीला हळूच म्हणाला, "आत्याला आमच्याकडं कुणी सिरियसली घेत नाही." ईश्वरी ओठ मिटून हसली. बऱ्याच दिवसांनी अण्णांना घर भरल्यासारखं वाटलं.

जयश्री तीन महिन्यांनी परत आली. अण्णांनी बिलाच्या मशीनवर रिंगचा दर दाखवला. ती तो बराच वेळ बघत राहिली.

"मागं तर अशी नव्हती."

"वॉर्ड सुधारला, जयश्री."

"आमच्यात तर कोण सुधारलं न्हाई," ती म्हणाली आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन गेली. अण्णांना कमी दरात द्यायची सोय नव्हती. मशीन दराला बांधलेलं होतं. तशीच हातात ठेवावी तर साठा जुळला नसता आणि परवान्याला अडचण आली असती. तरी त्यांनी एक रिंग खिशात घालून तिला हाक मारली. तोवर ती गल्लीच्या वळणाला गेली होती. हाक ऐकून दोन घरांतल्या बायका मात्र दाराशी आल्या. अण्णा मागं फिरले.

साखरपुडा तळंदोळला होता. हावळांच्या घराला रंग नवा होता, मांडव रस्त्यापर्यंत आला होता. गाडीतून उतरता उतरता अण्णांच्या नाकाला वास आला. ओळखीचा, तिखट, ब्लीचचा वास. मांडवाच्या कडेलाच गटाराचं लोखंडी झाकण होतं. रविवार होता.

ऋत्विकचे वडील शशिकांत हावळ त्यांना घ्यायला पुढं आले. अण्णा झाकणाकडं बघतायत हे त्यांनी बघितलं.

"आमच्याकडं कापडाचे प्रोसेसिंगवाले फार," ते म्हणाले. "वास येतो. सवय होते."

"आमच्याकडं पण आहेत," अण्णा म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही पटकन दुसरीकडं बघायला लागले. "चला, आत चला, चहा तयार आहे," शशिकांतराव म्हणाले.

भटजींनी मुलाला पाटावर बसवलं. अण्णांनी त्याला कुंकवाचा टिळा लावला, टोपी घातली, आणि नारळ द्यायला हात पुढं केले. ऋत्विकनं दोन्ही तळहात जोडून ओंजळ पुढं केली. त्या तळहातांवर डाग होते. तांबूस, वाटोळे, मसुरीच्या दाण्याएवढे. बोटांच्या पेरांवरही होते.

वृषालीकडं एक रंगीत तक्ता असायचा. ती तो स्वयंपाकघरात ओट्यावर पसरून नव्या नर्सेसना शिकवायची, आणि अण्णा भाजी चिरता चिरता ऐकायचे. गरमीच्या दुसऱ्या पायरीला तळहातावर असे डाग येतात. खाजत नाहीत, दुखत नाहीत. काही दिवसांनी आपोआप जातात, आणि माणसाला वाटतं बरं झालं. खरं तर रोग तेव्हा आत उतरत असतो.

नारळ अण्णांच्या हातातच राहिला होता. भटजी म्हणाले, "द्या की अण्णा."

त्यांनी दिला. मग शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "हाताला काय झालं हो?"

"रंगातलं काम," शशिकांतराव हसून म्हणाले. "कितीदा सांगतो हातमोजे घाल म्हणून. ऐकतंय कोण?"

असं होऊ शकतं. रंगात काम करणाऱ्यांचे हात अण्णांनी आयुष्यभर बघितले होते. निळे, जांभळे, चट्टे पडलेले, सोललेले. हे त्यांपैकी असेल. नसेलही. ज्या एका गोष्टीनं ते कळलं असतं ती विचारायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. महाग वॉर्डातल्या माणसानं महाग वॉर्डातल्या जावयाची तपासणी का मागावी?

परतताना गाडीत संजूमामा मागं झोपला होता. ईश्वरी बोटातली अंगठी फिरवत बसली होती. अण्णांनी गाडी उसाच्या रसाच्या दुकानापाशी थांबवली, तिला खाली उतरवलं आणि सगळं सांगितलं. आपल्या पोरीशी या विषयावर ते कधीच बोलले नव्हते. ते काम वृषालीचं होतं. शब्द सापडेनात, ते रस्त्यापलीकडच्या गुऱ्हाळाच्या चिमणीकडं बघत बोलले.

ईश्वरीनं मधे एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाली, "मी विचारते त्याला."

"काय विचारणार? आपलं नाक ब्लीचनं मारलंय हे सांगणार? पुढच्या महिन्यात ढगेंच्या अंकिताचं लग्न आहे. म्हेतरांच्या दोघी आहेत."

"मला माहितीय कोण कोण आहे."

"मग?"

"मग मोडू का, पप्पा? मोडायला कारण लागतं. काय कारण सांगू? आणि मी मोडलं म्हणून त्याचा हात बरा होणार आहे का?"

 रसवाल्यानं दोन ग्लास आणून ठेवले. कुणी ते घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते केलं जे सभेत करायचं राहिलं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी योजनेच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. तिकडून एक गोड, शुद्ध मराठी बोलणारा आवाज आला. तो माणसाचा नव्हता. अण्णांनी नाव सांगितलं, वॉर्ड सांगितला, आणि रविवारी पहाटे काय होतं ते जसंच्या तसं सांगितलं.  यानंतर गल्लीत राहता येणार नाही, लग्न मोडेल, दुकान बसेल, हे सगळं त्यांनी गृहीत धरलं होतं.

"आपली तक्रार तपासली आहे," आवाज थोड्याच वेळात म्हणाला. "आपल्या वॉर्डातील क्लोरीनचे प्रमाण वस्त्रोद्योग असलेल्या गावासाठी अपेक्षित मर्यादेत आहे. लोकसंख्येचा निर्देशांक योग्य आहे. रोगाचा अंश आढळलेला नाही. आपला वॉर्ड निरोगी आहे. अभिनंदन."

"अहो, मी सांगतोय ना, ते खोटं आहे! मी स्वतः होतो तिथं!"

"आपली भावना नोंदवली आहे. आणखी काही मदत करू?"

"माणूस द्या. कुणीतरी माणूस द्या बोलायला."

"निरोगी वॉर्डासाठी अधिकाऱ्यांची नेमणूक नाही. आणखी काही मदत करू?"

त्यांनी दवाखान्यात जाऊन मोठ्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर वृषालीला मानणारे होते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "अण्णा, तुमच्याएवढंच मला पण कळतंय. इंजेक्शन फ्रीजमध्ये आहे. फ्रीज रिपोर्टशिवाय उघडत नाही. रिपोर्ट गाडीशिवाय होत नाही. मुलाला शून्य असलेल्या वॉर्डात पाठवा. तिथं कुणी नातेवाईक बघा, पत्ता बदलून घ्या, काहीतरी करा."

तेवढा एक मार्ग होता. ईश्वरीनं दुकानातल्या संगणकावर जिल्ह्याचा नकाशा उघडला. शून्याचे वॉर्ड निळे दिसत, बाकीचे लाल. तिनं नकाशा मोठा केला, लहान केला. कबनोळी लाल होती. तळंदोळ लाल. नदीपलीकडचा साखर कारखान्याचा पट्टा लाल. तिथं म्हणे मळीचं पाणी सोडत होते. जिल्ह्याच्या गावी फिनेल. ज्याला जे हाताशी सापडलं ते त्यानं ओतलं होतं. वर एक पट्टी सरकत होती: 'संपूर्ण जिल्हा निरोगी. राज्यात पहिला.'

"एक पण नाही?" अण्णांनी विचारलं.

"एक पण नाही."

त्यांना वृषालीचा आवाज आठवला. यात अवघड काय आहे. तिला जाऊन सांगावं, बाई, सोपंच होतं, आपण अवघड केलं. पण ती फोटोत हसत होती, आणि उदबत्ती कधीच विझली होती.

शुक्रवारी दुपारी, गिऱ्हाईक नसायच्या वेळेला, ऋत्विक आला. मोटारसायकल त्यानं दोन गल्ल्या पलीकडं लावली होती. ईश्वरीनं शेवटी त्याला विचारलंच होतं, वॉर्डाचं काही न सांगता. त्यानं हेल्मेट काढलं, काउंटरपाशी उभा राहिला आणि अण्णांकडं न बघता म्हणाला, "काका, ईश्वरीनं विचारलं. मी खोटं बोललो नाही तिच्याशी."

"बस."

तो बसला नाही. "वर्षापूर्वी एकदा. एकदाच. आमच्या वॉर्डात तेव्हा शून्य होतं. मी पाकीट घ्यायला गेलो होतो, काका. खरंच गेलो होतो. मेडिकलसमोर बाबांचे मित्र उभे होते. पाटी अशी निळी लखलखत होती. मी डोकेदुखीची गोळी घेतली आणि परत आलो. आणि मग..." त्यानं हेल्मेट काउंटरवर ठेवलं.

"मी टेस्ट करायला तयार आहे," तो म्हणाला. "सगळीकडं विचारलं. कुठं होत नाही. इंजेक्शन तुमच्याकडं नसतं का? तुम्ही तर ओळखीचे आहात."

अण्णांच्या पाठीमागं छतापर्यंत औषधं होती. तापाची, खोकल्याची, साखरेची, रक्तदाबाची. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"हात दाखव," ते म्हणाले.

ऋत्विकनं दोन्ही तळहात काउंटरच्या काचेवर उताणे ठेवले. ईश्वरी आतून येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. तिनं त्याला हात लावला नाही, पण लांबही सरकली नाही.

"रंग असेल," ती म्हणाली. "पप्पा, रंग असू शकतो ना?"

"असू शकतो."

अण्णांनी बरणीतला कापूस काढला, बोळा केला, स्पिरिटमध्ये बुडवला. रंगातल्या माणसाचा हात स्पिरिटनं पुसला की थोडा तरी रंग कापसाला लागतोच. त्यांनी मुलाचं मनगट धरलं आणि एका डागावर बोळा घासायला सुरुवात केली. आधी हळू. मग जोरात. ऋत्विकनं दात आवळले, पण हात मागं घेतला नाही. आजूबाजूची कातडी लाल झाली. डाग होता तसा राहिला.

त्यांनी बोळा उलटा करून उजेडात धरला. कापूस पांढरा होता.

"पप्पा," ईश्वरी म्हणाली. "पुरे."

अण्णांनी तो बोळा बाजूला टाकला आणि दुसरा भिजवायला घेतला.